खरवडलेली भिंत

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंती बघायचे. घरचा माणूस पाण्याचा पेला पुढे करतोय, तब्येत विचारतोय, आणि यांचे डोळे मात्र छताच्या कोपऱ्यात अडकलेले. मग हळूच उठायचे, समोरच्या भिंतीवरची तसबीर अर्धं बोट डावीकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "हां, आता बसतो." त्यामुळे कुणीतरी त्यांचं नाव 'ओळंबा' पाडलं आणि ते त्यांना चिकटलं. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं ते वजन, भिंत सरळ उभी आहे की कललीय हे सांगणारं. दोरी सोडली की तो थोडा वेळ डुलतो आणि एकदा थांबला की त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. मिस्त्रींशीही हुज्जत घालण्यात अर्थ नसायचा, पण ते, त्यांना ऐकूनच घ्यायचं नसायचं म्हणून.

गिलाव्याच्या कामात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या विटा झाकल्या. सकाळी बांबूच्या परांचीवर चढायचे ते दुपारी जेवायलाच खाली. रंधा फिरवायचे तो असा, की पाहणाऱ्याला वाटावं यात काय अवघड आहे. रंधा म्हणजे सुतारांचा नव्हे, गवंड्यांचा: ओल्या गिलाव्यावर फिरवायची मूठवाली लाकडी पाटी. ती फिरते तेव्हा भिंतीवर बारीक बारीक कमानी उमटतात, वाळल्यावरही नीट पाहिलं तर दिसतात. मिस्त्री त्या कमानी बघून सांगायचे, ही भिंत अमक्याची, ती तमक्याची. आपण अक्षर ओळखतो ना, तसंच.

आता त्यांच्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या शब्दाभोवतीच फिरतं. कुणाचं काम बिघडलं तर मिस्त्री त्यावर अर्धा तास बोलू शकत. काम बरं झालं असेल तर काहीच बोलत नसत, नुसती मान हलवून पुढच्या भिंतीकडे वळत. आणि काम असं उतरलं, की पट्टी लावली तरी खालून केसभर उजेड येऊ नये, तर ते म्हणायचे, "चालेल." बस्स. याच्या वर काही नाही. त्यांच्या हाताखालचे गडी ज्या दिवशी 'चालेल' मिळायचं त्या दिवशी घरी जाऊन सांगायचे. खुद्द मिस्त्रींना त्यांच्या मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात दोनदा 'चालेल' म्हटलं होतं, आणि दोन्ही भिंती कुठल्या इमारतीत आहेत ते त्यांना अजून पाठ होतं. 'चांगलं' हा शब्द या माणसांच्या तोंडी नव्हताच. कौतुक केलं की हात ढिला पडतो, असं ते मानत. कुणी तसं करून पाहिलं होतं की नाही, देव जाणे.

पासष्टीला आल्यावर उजवा खांदा रुसला. हात डोक्याच्या वर जाईना. परांची सुटली आणि मिस्त्री घरात बसून घरातल्यांना पिडायला लागले. तेवढ्यात बांधकामाची कामं शिकवणाऱ्या एका संस्थेतून बोलावणं आलं. संस्थेचे सर तिशीतले, चष्मेवाले, घाईत बोलणारे. म्हणाले, "काका, गिलाव्याचा वर्ग आहे. तुम्ही शिकवा. इमारती उभ्या राहतायत, पण माणसंच नाहीत. एक मिस्त्री म्हातारा झाला की त्याच्या जागी कुणी येत नाही."

मिस्त्री खूश झाले, म्हणजे त्यांनी मान हलवली.

पहिल्या वर्षी चौदा मुलं आली. तिसऱ्या आठवड्यात आठ उरली. सर हबकले आणि सोडून गेलेल्या सहाही जणांना फोन करून बसले. सगळ्यांचं म्हणणं घोळून घोळून एकच: तिथं आम्हाला काही जमतच नाही.

"काका," सरांनी विचारलं, "खरंच जमत नव्हतं का त्यांना?"

"दोघांना जमत होतं," मिस्त्री म्हणाले. "त्या उंच पोराला तर फारच. त्याचा हात होता."

"मग तसं सांगितलंत का त्याला?"

"सांगायचं काय त्यात? भिंत त्याच्यासमोरच होती की. त्याला दिसत नव्हती?"

सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. या माणसाशी डोकं आपटून उपयोग नाही हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

दुसऱ्या वर्षी वरून फर्मान निघालं. बारा नावं भरली तर वर्ग चालेल, नाही भरली तर त्या खोलीत मोबाइल दुरुस्ती शिकवायची. शेवटची तारीख महिनाअखेरचा सोमवार. मिस्त्रींनी मोबाइल दुरुस्तीचं नाव ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग घेऊन करणार काय? मुलं आणायला हवी होती. सर म्हणाले, शाळाशाळांतून फिरू, शेवटच्या वर्गातल्या मुलांशी बोलू, तुम्ही नुसतं मनापासून बोला.

मनापासून बोलणं हे मिस्त्रींचं काम नव्हे. पहिल्या शाळेत एका बाईंनी ओळख करून दिली ती अशी: "मुलांनो, अभ्यासात ज्यांचं लक्ष नाही त्यांनी आता नीट ऐका बरं का!" सगळा वर्ग खो खो हसला. मिस्त्रींचा पारा चढला. पण तो जितका चढला तितकाच झपकन उतरलाही, कारण हेच वाक्य, थोडं वेगळ्या शब्दांत, ते स्वतः घरी वर्षानुवर्षं बोलत आले होते. इतर घरांत मुलांना बागुलबुवाची भीती घालतात. मिस्त्रींच्या घरात बागुलबुवाचं काम गिलाव्याच्या थापीनं केलं होतं. एकुलती एक लेक पुस्तक मिटून पेंगायला लागली की ते म्हणायचे, "अभ्यास कर पोरी, नाहीतर थापी हातात येईल." आणि कोपऱ्यात पाण्याच्या बादलीत उभी केलेली, त्यांचं घर चालवणारी ती थापी बिचारी ऐकून घ्यायची.

वर्गासमोर उभे राहून ते म्हणाले, "काम अवघड आहे. उन्हात उभं राहावं लागतं. सिमेंट हाताला खातं. गुडघे जातात." सर मागून हातवारे करत होते. मिस्त्रींना आठवलं, यानंतर 'पण' म्हणायचं आहे. ते म्हणाले, "पण..." आणि पुढचं काही सुचेना. चाळीस वर्षं जे रोज सकाळी उठून गेले, ते कशासाठी? ते त्यांना ठाऊक होतं, पण हातांना ठाऊक होतं, तोंडाला नाही. त्या शाळेतून एकही नाव आलं नाही. पुढच्या तीन शाळांतून मिळून पाच आली, आणि त्यांतली दोन तर वर्गातून थोडा वेळ बाहेर पडायला मिळावं म्हणून दिलेली.

मग सरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. म्हणाले, काका, तुम्ही बोलूच नका. कामच दाखवा. चाकं लावलेल्या चौकटीत विटांची कमरेएवढी भिंत बांधून घेतली आणि ती शाळेच्या आवारात ढकलत न्यायला लागले. मिस्त्री तिथं माल कालवायचे, गिलावा थापायचे, रंधा फिरवायचे. खांद्याच्या वर हात न्यायची गरजच नव्हती. मुलं गोळा होऊ लागली. नावं वाढली. शेवटच्या आठवड्यात अकरा झाली होती, आणि शेवटची शाळा राहिली होती ती नातीची.

नातीचं नाव घरात 'खारू' पडलं होतं, कारण पेन्सिल, रबर, मफलरचं टोक, काही ना काही ती कुरतडत बसायची. वय पंधरा. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. म्हणून लेक आणि नात इकडेच राहायच्या, घरामागच्या खोलीत. लेक इमारतींच्या परवानग्या देणाऱ्या कचेरीत कामाला होती. आलेले नकाशे लावून ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे. बसायला खुर्ची, वर पंखा, दुपारी एक ते दीड जेवणाची सुट्टी. मिस्त्रींनी तिच्यासाठी देवाकडे नेमकं हेच मागितलं होतं आणि देवानं ते जसंच्या तसं दिलं होतं. कधीतरी ती घरी येऊन सांगायची, "आज एक नकाशा आला, त्यात जिना बसतच नाही. साहेबांना म्हटलं तर म्हणाले, तुम्ही फक्त शिक्का बघा." आणि हसायची.

तर नातीच्या शाळेत मिस्त्रींनी अर्धी भिंत केली आणि विचारलं, "कुणी करून बघतंय?" सगळे एकमेकांना ढकलायला लागले. ढकलाढकलीतून खारू बाहेर आली. ती ढकलली गेली नव्हती, स्वतःच आली होती. तिनं बाह्या वर केल्या, थापीवर माल घेतला. पहिला गोळा धपकन पायावर पडला आणि पोरं हसली. दुसरा चिकटला. पाचवा असा चिकटला, की मिस्त्रींनी खिशात हात घालून चष्मा शोधला. मग तिनं पट्टी ओढली, रंधा घेतला आणि फिरवायला लागली, डाव्या हातानं. कमानी उलट्या बाजूला वळत गेल्या. मिस्त्री त्या कमानींकडे बघत राहिले. असल्या उलट्या कमानी त्यांनी आयुष्यात फक्त एकदाच पाहिल्या होत्या, चोवीस वर्षांपूर्वी, आणि त्या पुसून टाकल्या होत्या.

त्यांनी भिंतीला पट्टी लावली. वाकून पाहिलं. उजेड येत नव्हता.

"चालेल," ते म्हणाले.

खारूला त्या शब्दाची किंमत माहीत होती. तिचे कान लालबुंद झाले. तिनं तिथल्या तिथं सरांकडून अर्ज घेतला, चिखलट हातानं स्वतःचं नाव लिहिलं. बारावं नाव! वर्ग सुट्टीच्या दिवशी भरायचा, शाळा सोडायची नव्हती. सर तर आनंदानं मिस्त्रींना मिठीच मारणार होते, पण खाली एक ओळ रिकामी होती: पालकांची सही. जावई समुद्रात. म्हणजे सही लेकीची.

संध्याकाळी लेक कचेरीतून आली, चहा घेतला, अर्ज वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवून दिला.

"नाही," ती म्हणाली.

"का पण?" खारू उसळली. "मुलींनी करायचं नाही म्हणून?"

"तसं कोण म्हणतंय? माझ्या कचेरीत दोन इंजिनीअर बायका आहेत, परांचीवर चढतात. तसं नाही गं." लेक समजावणीच्या सुरात म्हणाली. "त्याला हात लागतो. हात अंगात असावा लागतो, तो शिकून येत नाही. आपल्या घरात तो आजोबांकडे आहे आणि आजोबांबरोबर संपला. माझ्याकडे नव्हता, तुझ्याकडे कुठून येणार? उगाच चार महिने घासशील आणि मग कळेल. मी करून बघितलंय बाई. विचार आजोबांना, माझी भिंत कशी फुगली होती ते."

आणि ती हसली. घरातला तो जुना विनोद होता. सायकलच्या ट्यूबला फुगा आला, पावसात दाराची फळी फुगली, भिजून वही फुगली, की लेक म्हणायची, "माझ्या भिंतीसारखी!" आणि सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचे. चोवीस वर्षं हसत आले होते. त्या संध्याकाळीही सवयीनं त्यांचे ओठ हलले.

"पण आजोबा आज 'चालेल' म्हणाले," खारू म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"नातीला म्हणणारच. आजोबा झालेत ना आता," लेक म्हणाली आणि कप विसळायला निघून गेली.

मिस्त्रींची बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती मोजकं बोलणारी बाई. नवऱ्याच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अहो, हसलात कसे तुम्ही?"

मिस्त्रींनी टेबलावरचा अर्ज कडेला समांतर सरकवला.

"मी त्या दिवशी दारातच होते. भिंत मीही बघितली होती. बोलले नाही, कारण मलाही पोरगी पंख्याखालीच बसलेली हवी होती. निम्मी चूक माझी. पण शब्द तुमच्या तोंडातून गेला, तो तुम्हीच परत घ्यायचा. सोमवारच्या आत."

हात अंगात असावा लागतो, तो शिकून येत नाही. वाक्य मिस्त्रींचं होतं. शब्दन् शब्द.

चोवीस वर्षांपूर्वी ते घरामागची खोली बांधत होते, सुट्टीच्या दिवशी, एकट्यानं. लेक तेरा वर्षांची. शाळेतल्या बाईंनी नुकतंच घरी येऊन सांगितलं होतं, मुलगी हुशार आहे, खूप शिकवा. त्या दिवशी माल कालवून झाला होता, आणि साइटवरून कुणीतरी धावत आलं: तिथली टाकी गळतेय, लगेच चला. मिस्त्री गेले. दोन तासांनी आठवलं, घरी माल तसाच पडलाय, आता दगड झाला असेल. घरी येऊन बघतात तर घमेलं रिकामं, आणि उत्तरेच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, जमिनीपासून पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत गिलावा. माल फुकट जाऊ नये म्हणून तिनं लावला होता. ती बादली धरून उभी होती. नाकावर सिमेंट.

मिस्त्रींनी पट्टी लावली. उजेड नाही. ओळंबा सोडला. तो डुलला, थांबला. वरपासून खालपर्यंत दोरी आणि भिंत यांतलं अंतर कुठंच बदललं नाही. भिंतीवर उलट्या कमानी, डावखुऱ्या हाताच्या, ओळीनं, कुठंही घाई नाही. असं काम करायला त्यांना स्वतःला चार वर्षं लागली होती. त्यांची छाती भरून आली. हे खरं आहे, आधी छातीच भरून आली. आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, भीती वाटली. त्यांना स्वतःची फुटलेली बोटं दिसली. परांचीखाली उभे राहून बायांबद्दल काहीबाही बोलणारे लोक दिसले. पोरीला एकदा हे हातातलं सुख कळलं, तर ती पुस्तकाकडे परत बघणार नाही, हेही दिसलं. कारण ते स्वतः असेच शाळेतून उठून आले होते.

"फुगलीय," ते म्हणाले. "मध्ये पोट आलंय. हात नाही तुझा. हात अंगात असावा लागतो, तो शिकून येत नाही."

आणि थापी उलटी धरून त्यांनी ती भिंत खरवडली. ओला गिलावा धपाधप खाली पडत होता. पोरगी बघत उभी होती. मग त्यांनी तिलाच सांगितलं, हे भर आणि बाहेर टाकून ये. तिनं घमेल्यात भरलं, दोन खेपा केल्या. रडली नाही. परत कधी थापीला शिवली नाही. परीक्षेत पहिली आली, तेव्हा मिस्त्रींना वाटलं होतं, बघा, आपण किती बरोबर वागलो.

रविवारी सकाळी लेक मागच्या खोलीत इस्त्री करत होती. खारू कोपऱ्यात तोंड पाडून, पेन कुरतडत. दोन दिवस ती आईशी बोलली नव्हती. मिस्त्री आत आले आणि सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"ती फुगली नव्हती," ते म्हणाले.

"काय?"

"भिंत. तुझी. फुगली नव्हती."

लेकीला आधी कळलंच नाही. मग ती हसायला लागली, जुन्या विनोदाचं हसू, पण ते अर्ध्यावरच थांबलं. इस्त्री सदऱ्यावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा खारूनं उठून बटण बंद केलं.

"पट्टी लावली होतीत?" लेकीनं विचारलं.

"लावली होती."

"उजेड?"

"नव्हता."

"आणि ओळंबा?"

"कुठंच सुटला नाही."

"मग?"

"मग काय... घाबरलो मी." मिस्त्री भिंतीशीच बोलत होते. "तुला हे आवडेल म्हणून घाबरलो. तुझे हात माझ्या हातांसारखे होतील म्हणून. खोटं बोललो पोरी. तेरा वर्षांच्या पोरीशी खोटं बोललो, आणि वर तुझ्याकडूनच ते उचलून घेतलं."

लेक पलंगाच्या कडेवर बसली. स्वतःचे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मला कचेरीचं दुःख नाही बाबा," ती म्हणाली. "ते ठीक आहे. पण मी त्यानंतर कशालाच हात लावला नाही. तुम्हाला माहीतय? भिंतीत खिळा मारायचा तरी मी माणूस बोलावते. शिवण शिकायला गेले, दोन दिवसांत सोडलं. मला वाटायचं, माझे हातच खोटे आहेत."

चुलीत जावं ते बोलणं, असं मिस्त्रींना वाटलं. बोलूनच तर सगळं केलं होतं.

मग लेक एकदम उठली. "काही तरी राहिलं असेल ना?" म्हणाली. "खिडकीपाशी, कपाटामागं? एवढी भिंत, कुठं तरी राहिलं असेल थोडं." तिनं आणि खारूनं मिळून कपाट ओढलं. मागं धूळ, एक हरवलेला चमचा आणि खारूच्या लहानपणीचा एक मोजा. लेकीनं गुडघ्यावर बसून भिंतीवर डावा तळहात फिरवला, खालपासून वर, खिडकीच्या चौकटीपर्यंत, सावकाश. सगळीकडे उजव्या हाताच्या कमानी.

"नाही राहिलं," मिस्त्री म्हणाले. "मी विटेपर्यंत काढली होती. कुठं सोडली नव्हती."

कामात कसूर ठेवणारा माणूसच नव्हे तो. तेही काम त्यांनी चोख केलं होतं.

मग भिंतीकडे बघतच लेकीनं विचारलं, "तुमच्या वर्गाला वयाची अट काय आहे हो?"

हे मिस्त्रींना झोपेतही सांगता आलं असतं. प्रत्येक शाळेत सांगितलं होतं, अर्जावर वरच्याच ओळीत छापलेलं होतं. त्यांना वाटलं, या एका वेळी तरी खोटं बोलावं. पण खोटं बोलायची त्यांची पाळी होऊन गेली होती.

"पंचवीस," ते म्हणाले.

लेक सदतीस वर्षांची होती. तिनं मान हलवली.

"मी शिकवतो ना तुला घरी," ते घाईघाईनं म्हणाले. "आजपासून. सरांशीही बोलतो. अट काय, माणसांनीच घातलेली असते."

"तुमचा खांदा वर जात नाही बाबा. मला आठवड्यात एक सुट्टी. त्यात हे कपडे." ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. ती उठली, हात झटकले, खारूच्या तोंडातला पेन काढून घेतला आणि अर्ज टेबलावर पसरून डाव्या हातानं सही केली. खारू आईच्या गळ्यात पडली, मग आजीला सांगायला धावत बाहेर गेली.

अर्ज मिस्त्रींच्या हातात देताना लेकीनं तो लगेच सोडला नाही.

"एक करा," ती म्हणाली. "हिची भिंत चांगली झाली, तर चांगली म्हणा. तुमचं ते चालेल-बिलेल नको. त्या सगळ्या मुलांना म्हणा. पळून गेलेल्या त्या उंच मुलालाही फोन करून सांगा. चांगली झाली असेल तर चांगली. तोंडानं."

मिस्त्रींच्या ओठांवर उत्तर आपोआप आलं होतं, चाळीस वर्षांच्या सवयीचं. ते त्यांनी गिळलं. घसा खाकरला. परांचीच्या सगळ्यात वरच्या फळीवर पहिल्यांदा पाय ठेवला होता, तसा त्यांनी शब्द टाकला.

"तुझी भिंत," ते म्हणाले, "चांगली होती. फार चांगली होती गं."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण पाणी तिनं खाली पडू दिलं नाही. तेराव्या वर्षीही दिलं नव्हतं. तिनं अर्ज सोडला आणि कपाट जागेवर ढकलायला वळली.

"चालेल," ती म्हणाली.